तुकडा कोणाच्या नावावर? डिचोलीतल्या एका काजू कारखान्याचं प्रकरण

काजूच्या धंद्यात पैसा आहे तो अख्ख्या गरात. कापताना गर दुभंगला की त्याची पाकळी होते, पाकळी मोडली की तुकडा, तुकड्याची पुढे कणी, आणि दर पायरीला भाव खाली येतो. अख्ख्या गराची प्रत एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर भरतात यावरून ठरते. डब्ल्यू १८० म्हणजे पौंडाला १७० ते १८० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. या ३२० नंबरच्या एका गराचं वजन दीड ग्रॅमच्या आसपास. असा एक किलो गर हाती यायला चार-पाच किलो बी फोडावी लागते. त्यामुळे आज तुकडा किती पडला, हा काजूवाल्याचा रोजचा पहिला प्रश्न असतो.

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या अशाच एका कारखान्याचं आहे. कारखान्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी लहान कारखान्यांना उत्पादनाच्या घडीबद्दल सल्ला देतो, आणि एका पावसाळ्यात वाढलेल्या तुकड्याचं कारण शोधायला मालकांनी मला बोलावलं होतं. कारणं दोन निघाली, दोन्ही साधी, दोन्ही फारसा खर्च न करता सुटली. पण ही दोन्ही कारणं शेडमधल्या कितीतरी जणांना आधीपासून माहीत होती आणि तरी ती मालकांपर्यंत पोचली नव्हती. ती का पोचली नाहीत आणि पोचू लागण्यासाठी काय करावं लागलं, हे मला सविस्तर लिहावंसं वाटतं. कामाच्या जागी अडचणी सोडवण्याची सवय लावायची म्हणून पुष्कळ कारखाने प्रशिक्षणावर पैसे घालतात. इथे प्रशिक्षणाची उणीव नव्हतीच.

बी ते गर

प्रकरण कळायला कामाचा क्रम थोडा माहीत हवा. हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते मे, डिचोली-सत्तरी-पेडण्यातून आणि पलीकडे दोडामार्गातून बी येते. ती उन्हात वाळवून पोत्यांत भरतात. कामाला घ्यायची तेव्हा आधी चाळणीवर आकाराप्रमाणे वेगळी करतात, मग कुकरमध्ये वाफेवर उकडतात आणि जमिनीवर पसरून निवायला ठेवतात. पूर्ण निवली की टरफल ठिसूळ होतं आणि आतला गर टरफलापासून सुटा होतो. मग ती कटरवर येते. एक पाय पायडलवर, एका हाताने बी पात्यांच्या मधे धरायची, दाबलं की टरफल दोन भागांत उघडतं, आणि टोच्याने गर अलगद बाहेर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला तेल चोपडून बसतात. पुढे गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, सुकवणं, साल काढणं, प्रतवारी आणि डबे भरणं.

या कारखान्यात कापणाऱ्या सगळ्या बायका. काही डिचोलीच्या आसपासच्या वाड्यांवरच्या, काही दोडामार्गाकडून बसने येणाऱ्या. त्यांना मजुरी मिळते ती काढलेल्या गराच्या किलोवर. त्यांच्या वर एक सुपरवायझर, पूर्वी स्वतः बॉयलरवर काम केलेला, मेहनती, अबोल माणूस. त्याच्या वर थेट मालक. हिशेबाला मालकांचे चुलतभाऊ.

पावसाळ्यात काय झालं

मे संपता संपता गावची बी आटते आणि वर्षभर शेड चालू ठेवायची तर आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते. हे नवीन नाही, गोव्यातले बहुतेक मोठे कारखाने तसंच करतात. मात्र गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गावची बी आणि बाहेरची बी वेगळी ठेवण्याला महत्त्व आलं. या मालकांनी ते मनावर घेतलं ही त्यांची जमेची बाजू. पण त्यामुळे एकाच शेडमध्ये दोन प्रकारच्या बियांचे वेगवेगळे लॉट फिरू लागले. त्यात चवथीच्या आणि पुढे दिवाळीच्या डब्यांची मागणी आली. पूर्वी दिवसाला एक घाण, म्हणजे कुकरमध्ये एका वेळी उकडायची बी, उकडत असत, आता दोन उकडू लागले.

जुलैत तुकडा वाढला. मालकांनी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, बायका घाईत कापतात. ते उत्तर मालकांना पटलं, कारण मजुरी किलोवर आहे आणि घाई केली की किलो वाढतात. मग शेडच्या दारावर एक तक्ता लागला. संध्याकाळी प्रत्येक बाईचा तुकडा वेगळा तोलायचा, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरला तर मजुरीतून कापून घ्यायचं. शेजारी एक सूचनापेटीही लावली होती, कुलूप घातलेली. मी गेलो तेव्हा तिच्यात काहीच नव्हतं.

कपात सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत वहीतला तुकडा खाली आला. तक्त्याचा उपयोग झाला असं सगळ्यांना वाटलं. पण महिन्याचा हिशेब लावताना चुलतभावांच्या लक्षात आलं की तुकडा कमी दिसतो आहे, अख्खा गर मात्र वाढलेला नाही, आणि आत गेलेल्या बीच्या मानाने एकूण गर उलट कमी झाला आहे. मला बोलावलं गेलं ते या न जुळणाऱ्या हिशेबासाठी. त्यांच्या मनात संशय चोरीचा होता, तोंडाने कोणी म्हटलं नाही इतकंच.

टरफलांच्या ढिगात

गर बीतून निघाला नसेल तर तो कुठेतरी असणारच. मी सुपरवायझरला घेऊन शेडमागे गेलो. तिथे कापलेल्या बियांची टरफलं रचलेली असतात, काही बॉयलरला जळण म्हणून जातात, बाकी तेल काढणाऱ्यांना विकली जातात. ढिगाच्या वरून, मधून, खालून अशी थोडी थोडी टरफलं घमेल्यात घेतली आणि आम्ही दोघं स्टीलचं ताट मधे ठेवून निवडायला बसलो. हातमोजे घालूनही बोटं काळी झाली. पहिली मूठभर टरफलं रिकामी निघाली. मग एकात अर्धी पाकळी आतल्या बाजूला चिकटलेली सापडली. मग पुन्हा एक. काही टरफलांत पाऊण गर तसाच होता, पात्याने चिरलेला आणि टोच्याला न सुटलेला. घमेलं संपेपर्यंत ताटाचा तळ झाकला गेला. सुपरवायझर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे आम्ही काजू जाळतोय, सर."

कसं होत होतं ते ताटाकडे पाहून कळत होतं. गर टरफलाला चिकटून बसला की तो टोच्याने कोरून काढावा लागतो. कोरताना मोडतो. मोडला की तुकडा, आणि तुकडा काढणाऱ्या बाईच्याच नावावर चढतो. म्हणजे वेळही घालवायचा आणि मजुरीही कापून घ्यायची. त्यापेक्षा चिकटलेलं टरफल तसंच मागे टाकलेलं परवडतं. कोणी एक ग्रॅमही घरी नेला नव्हता. नियमाने जे शहाणपणाचं ठरवलं होतं तेच त्या करत होत्या.

मालक हे ऐकून आधी चिडले. माझा माल, माझं नुकसान, आणि सगळ्यांना ठाऊक असून कोणी एका शब्दाने बोललं नाही, हे त्यांना फार लागलं. त्यांचा राग खोटा नव्हता. शेडमधल्या कितीतरी बायका त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या, चवथीला एकमेकांच्या घरी जाणं-येणं असलेल्या. इतक्या जवळच्या माणसांनी गप्प राहावं याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं की आपुलकी एका बाजूला आणि शनिवारचं पाकीट एका बाजूला, असं वजन करायची वेळ आपण त्यांच्यावर आणली.

"बी निवाक नाय"

गर का चिकटतो, हा आता खरा प्रश्न. मालकांनी सगळ्यांना एकत्र बसवून विचारावं असं सुचवलं. तसं केलं. अर्ध्या तासात कोणी तोंड उघडलं नाही. मालक समोर, सुपरवायझर बाजूला, वही चुलतभावांच्या हातात. अशा बैठकीत काय अपेक्षा ठेवायची? एक 'का' विचारून झालं की पुढचा 'का' विचारायचा, असं पाचदा करत मुळाशी जायची, टोयोटा कंपनीतल्या तायची ओनो यांनी पुढे आणलेली पद्धत जगभर गेली. पण ती नुसती उचलून आणली आणि माणसाला समोर उभं करून वापरली की तिची उलटतपासणी होते. दुसऱ्या 'का'ला माणूस स्वतःला वाचवायला लागतो. प्रश्न बीला विचारायचा असतो, बाईला नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, तुकडा बाईप्रमाणे तोलायचा सोडून काही दिवस वेळेप्रमाणे तोलला: जेवणाच्या सुट्टीआधीचा वेगळा, नंतरचा वेगळा. वहीत आजवर दिवसाचा एकच आकडा होता, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी फरक डोळ्यांत भरला. सकाळचा तुकडा नेहमीसारखा होता, सगळी वाढ दुपारनंतरची. बायका घाईत असतील तर सकाळीही असायला हव्यात.

दुसरी गोष्ट, दुपारी मी कटरजवळ स्टुलावर जाऊन बसलो आणि काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने शेजारच्या कटरवरच्या वयस्क बाईने पाटीतली एक बी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"बघा, बी निवाक नाय. हाताक ऊन लागता. सकाळची टक्कन फुटता, ही चिवट आसा."

बी खरंच कोमट होती. टरफल दाबून पाहिलं तर रबरासारखं वाकत होतं. मी विचारलं, हे कधीपासून? "चवथीचा काम लागल्यापासना." कोणाला सांगितलं होतं का? "कोणाक सांगूचा? तुकडो पडता आमच्या नावार."

तिथून धागा सुटत गेला. एक घाण असताना बी दुपारी उकडली जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापायला यायची, रात्रभर निवलेली. दोन घाण सुरू झाले तेव्हा दुसरा संध्याकाळी उकडायचं ठरलं होतं. पण बॉयलर सांभाळणारा माणूस एकच, दोडामार्गाकडचा, आणि पावसात संध्याकाळच्या बसचा भरवसा राहत नव्हता. त्याने सुपरवायझरला अडचण सांगितली. दोघांनी मिळून तोडगा काढला: दुसरा घाण सकाळी आल्या आल्या उकडायचा. काम अडत नव्हतं, मागणी पुरी होत होती, म्हणून मालकांना वेगळं सांगायची गरज कोणाला वाटली नाही. ती सकाळची बी दुपारी कटरवर येत होती, पाच-सहा तासांची.

दोघांनी केलेला तोडगा आळसाचा नव्हता, हे मला ठासून लिहायचं आहे. त्यांनी अडचण सोडवलीच होती, फक्त स्वतःपुरती. तिचा पुढचा भार कटरवर पडतो आहे हे कटरवरच्यांना दिसत होतं आणि बॉयलरवरच्यांना दिसत नव्हतं, आणि दोघांच्या मधे बोलणं नव्हतं. बहुतेक कारखान्यांत अडचणी सोडवणाऱ्यांची वाण नसते. प्रत्येक जण आपली अडचण ढकलून पुढच्याच्या दारात नेऊन ठेवतो, आणि त्यालाच काम झालं म्हणतो.

फाटलेली चाळण

दुसरं कारण चाळणीवर सापडलं, आणि मला ते पहिल्यापेक्षा जास्त शिकवून गेलं.

आपल्याकडच्या बीत आकाराचा फरक मोठा. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला ७ या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, जुन्या गावठी झाडांची त्याच्या निम्मीच्या आसपास. कटरच्या दोन पात्यांमधलं अंतर एका आकाराला जुळवलेलं असतं. मोठी बी त्यात गेली की पातं टरफल पार करून गराला चिरतं. म्हणून चाळण नीट चालली नाही तर पुढे कोणी कितीही जपून कापलं तरी गर वाचत नाही.

चाळणीची एक जाळी फाटली होती आणि तारेने शिवलेली होती. शिवणीजवळची भोकं मोठी झाली होती, तिथून वरच्या आकाराची बी खालच्या पाटीत पडत होती. चाळणीवरच्या मुलाने ही गोष्ट सुपरवायझरला हंगाम संपतानाच सांगितली होती. सुपरवायझर म्हणाला होता, बघू. मी त्याला विचारलं की तुम्ही शेटना का सांगितलं नाहीत. तो एकदम उत्तर देईना. मग सांगितलं ते असं: मागे एकदा बोरम्याचा पंखा बिघडल्याचं सांगायला तो मालकांकडे गेला होता. मालक त्या दिवशी कसल्यातरी घाईत होते. म्हणाले, "मग तू कशाला आहेस?"

एवढंच वाक्य. मालकांना ते बोलल्याचं आठवतही नव्हतं. पण त्यानंतर सुपरवायझरने ठरवून टाकलं होतं की अडचण वर न्यायची नाही, जमेल तशी आपणच निस्तरायची, आणि नाही निस्तरली तर दोष खाली द्यायचा. बायका घाईत कापतात, हे त्याचं उत्तर तिथून आलं होतं. वरच्याने रागात बोललेलं एक वाक्य खालपर्यंत कसं झिरपतं, आणि शेवटी कटरवरच्या बाईच्या मजुरीतून कसं कापलं जातं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. मालकांनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरशी एकांतात बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. नवी जाळी त्याच आठवड्यात आली.

कपात काढायची की नाही

जाळी बदलली, बी निववायची सोय केली, की प्रकरण मिटलं असतं. मालकांचा कल तिकडेच होता. पण कपातीचा तक्ता दारावर राहिला असता तर पुढची अडचणही टरफलांच्या ढिगात जाऊन पडली असती. म्हणून तक्ता काढा, असा मी आग्रह धरला, आणि इथे खरा वाद झाला.

चुलतभावांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. मजुरी किलोवर आहे; तुकडा पडला काय नि अख्खा निघाला काय, पैसे सारखेच मिळणार असतील तर जपून कापायचं कशाला? चांगल्या कापणाऱ्या बाईलाही वाटेल की आपलं कसब फुकट. त्यांच्या भीतीत तथ्य होतं. निष्काळजीपणे कापणारं माणूस शेडमध्ये असू शकतं. पण तक्ता निष्काळजी बाई आणि कोमट बी यांच्यात फरक करत नव्हता. दोघांची शिक्षा एकाच माणसाला मिळत होती, आणि त्यापायी कोमट बीची बातमी मरत होती. अमेरिकेतले गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी १४ मुद्दे मांडले, त्यातला आठवा आहे कामाच्या जागेवरची भीती घालवण्याचा. तो वाचायला उपदेशासारखा वाटतो. काजूच्या शेडमध्ये त्याचा अर्थ रोख पैशांत निघतो: बातमी देणाऱ्याचं नुकसान होत असेल तर बातमी येत नाही, आणि बातमी न आल्याचं नुकसान मालकाचं होतं.

शेवटी चवथीपर्यंत प्रयोग म्हणून मान्य झालं. तुकडा तोलायचा, पण बाईप्रमाणे नाही, लॉटप्रमाणे. लॉट बिघडला तर आधी बी, उकड, निववण आणि पाती तपासायची. हे सगळं ठीक असूनही एखाद्या कटरवर तुकडा जास्त दिसला तर जुन्या जाणत्या बाईने शेजारी बसून हात दाखवायचा. तसं दोघींच्या बाबतीत करावं लागलंही. एकीचं पायडल सैल निघालं. दुसरी नवी होती, तिला बी पात्यात आडवी कशी धरायची हे कोणी शिकवलंच नव्हतं.

निववण्याची सोय कशी झाली तेही सांगतो. मी दुसरा बॉयलरमन ठेवण्याचा विचार मांडला होता. बायकांपैकी एकीने त्यापेक्षा स्वस्त उपाय सांगितला. निववायच्या ओट्याचा अर्धा भाग टरफलांच्या पोत्यांनी अडला होता. ती पोती मागच्या पडवीत हलवली तर आणखी एक घाण पसरायला जागा होते. म्हणजे सकाळी उकडलेली बी त्याच दिवशी न कापता दुसऱ्या दिवशी घ्यायची, एक घाण कायम पुढे ठेवायचा. कोणाची बस चुकायला नको, कोणी रात्री थांबायला नको. दोन दिवसांत पोती हलली. सूचनापेटीत ही सूचना कधी आली नसती, कारण चिठ्ठी लिहून कुलपात टाकण्याची ही गोष्टच नव्हती. ओट्याकडे बोट दाखवून बोलायची होती.

पेटी काढली आणि शेडमध्ये कटरच्या समोर एक काळा फळा लावला. त्यावर अडचण काय, कोण बघणार, उत्तर कधी, एवढंच लिहायचं. लिहिणं सुपरवायझरकडे, कारण सगळ्याजणींना लिहायला सवड आणि सवय नसते. एक नियम मात्र मालकांनी स्वतः पाळायचा ठरवला: फळ्यावर आलेल्या गोष्टीला त्याच दिवशी उत्तर द्यायचं. उत्तर नाही असं असलं तरी चालेल, पण कारणासकट द्यायचं. पंखा हवा, ही मागणी पहिल्या आठवड्यात आली. मालकांनी स्वतः शेडमध्ये येऊन सांगितलं की या महिन्यात जमणार नाही, दिवाळीचे पैसे आल्यावर बघू. बायकांना ते चाललं. नकारापेक्षा मौन जास्त लागतं, हे मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

गंमत अशी की फळा लागल्यावर अडचणींची संख्या वाढली. मालक अस्वस्थ झाले. इतकं बिघडलेलं आहे का आपलं? तेव्हा मी त्यांना हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका पाहिल्या होत्या, आणि ज्या विभागांत माणसं एकमेकांशी चांगली बांधलेली होती तिथेच चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर लोक त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलत होते म्हणून. फळा भरला म्हणजे अडचणी वाढल्या असं नाही, त्या आता भिंतीवर आल्या, एवढाच फरक. मालकांना हे पटायला वेळ लागला, पण फळा त्यांनी काढला नाही.

दोनदा काम थांबलं

सर्वांत अवघड नियम शेवटी आला. बी ठीक नाही असं कापणाऱ्या बाईला वाटलं तर तिने "बी थांबवा" म्हणायचं, आणि तो लॉट तिथेच थांबवून सुपरवायझरने तपासायचा. टोयोटा उद्योगाचा पाया घालणारे साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या मागाची ख्याती अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड विणलं जात नसे. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यांत कामगाराने दोरी ओढून अडचण कळवायची आणि ती सुटली नाही तर लाइन थांबायची पद्धत त्याच विचारातून आली. हे सगळं मी मालकांना सांगितलं. त्यांना त्यापेक्षा घरचं उदाहरण जवळचं वाटलं. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाच्या तालमीत वही धरून बसलेला पोरगा गावच्या सर्वांत मोठ्या नटालाही मधेच थांबवतो, आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण चूक तालमीत धरली नाही तर देवळासमोर होते.

पहिला थांबा चवथीच्या आधीच्या आठवड्यात आला. दुपारची वेळ, माल न्यायला गाडी यायची होती, मालक शेडमध्येच होते. एकीने हात वर केला. बी आतून ओलसर लागत होती. सुपरवायझरने मालकांकडे पाहिलं. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "थांबवा." त्या लॉटचं एक पोतं पडवीच्या कडेला, पाऊस येतो त्या बाजूला राहिलं होतं, ओल धरली होती. तो लॉट बाजूला काढून दुसरा घेतला. गाडी थोडी उशिरा भरली.

पण माझ्या मते निर्णायक ठरला तो दुसरा थांबा. त्यात बी पूर्णपणे ठीक निघाली. थांबवणारी बाई नवीच होती, तिला वाटलं ते चूक होतं. काम खोळंबलं, मजुरी किलोवर असल्यामुळे बाकीच्यांचाही वेळ गेला, आणि कुजबुज सुरू झाली. मालकांनी तिला बोलावलं नाही, तिच्या कटरजवळ स्वतः गेले. म्हणाले, "थांबवलंत ते बरं केलंत. आता निवलेली बी आणि कोमट बी शेजारी ठेवून मावशींकडून हात लावून बघून घ्या." खोळंबलेल्या अर्ध्या तासाची मजुरी त्यांनी सगळ्यांना सरासरीने लावून दिली. चुकीच्या हाकेला मिळालेलं हे उत्तर शेडने लक्षात ठेवलं. बरोबर हाक देणाऱ्याचं कौतुक कोणीही करतो. चुकीची हाक देणारा तोंडघशी पडला असता तर त्यानंतर खात्री झाल्याशिवाय कोणी बोललं नसतं, आणि खात्री होईपर्यंत अर्धा लॉट कापून झालेला असतो.

ही मजुरी लावून देणं चुलतभावांना अजून पूर्ण पसंत नाही. त्यांची हरकत अशी की उद्या कोणी विसावा घ्यायला थांबवेल. आजवर तसं झालेलं नाही, आणि झालं तर ते बाकीच्या बायकाच आधी ओळखतील, असं मला वाटतं.

जिथे हे पोचलेलं नाही

चवथ झाली, दिवाळी झाली. कटिंगमधला तुकडा उन्हाळ्यातल्या पातळीवर परत आला, टरफलांच्या ढिगात आता क्वचितच गर सापडतो. सुपरवायझर दर शनिवारी एक घमेलं निवडून बघतो, ते त्याने स्वतःहून सुरू केलं. कपातीचा तक्ता परत लागला नाही. फळ्यावर सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण काहीजणींनी स्वतःहून नाव घालायला लावलं. बाकीच्या अजून नको म्हणतात, आणि त्यांच्यावर जबरदस्ती केलेली नाही.

हे सगळं कटिंगपुरतं आहे. साल काढण्याच्या विभागात जुनी कपात चालूच आहे. तिथल्या बायका फळ्याकडे बघतात, पण त्यांच्याकडून फळ्यावर एकही ओळ आलेली नाही. साल काढतानाही गर फुटतो, आणि तो बऱ्याचदा बोरम्यात जास्त सुकल्यामुळे फुटतो. त्या विभागात निम्मं काम घरोघरी दिलं जातं, त्यामुळे लॉटप्रमाणे तोलणं तितकं सोपं नाही आणि कोणाला थांबवायला शेडही नाही. तिथे काय करायचं यावर मालक, चुलतभाऊ आणि सुपरवायझर यांचं एकमत झालेलं नाही. माझं मत मी दिलं आहे: घरी जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर बोरम्याचा घाण आणि तारीख लिहावी, म्हणजे तुकडा बाईकडून मागे बोरम्यापर्यंत नेता येईल, आणि तोवर कपात थांबवावी. चुलतभावांना पहिला भाग मान्य आहे, दुसरा नाही. नवी बी मार्चमध्ये यायला लागेल, त्याआधी हे ठरवायचं आहे, आणि या वेळी बैठकीला साल काढणाऱ्या दोघी बसणार आहेत.